प्रकल्प व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक कुठे शोधावा?
वाळूजच्या कारखान्यात काम करताना प्रकल्प व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक कसा मिळवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुण्याकडे पाहण्याआधी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या छत्रपती संभाजीनगर परिसरातील औद्योगिक वसाहतींतच शोध घ्यावा. कारण यंत्र उशिरा आले किंवा कंत्राटदाराने माणसे कमी पाठवली, तरी मुदत पाळणारे अनुभवी अभियंते तिथे आहेत आणि ‘मासिआ’सारख्या उद्योजक संघटनेच्या कार्यक्रमांत त्यांची गाठ पडू शकते. भेटल्यावर ‘मला शिकवा’ एवढेच म्हणू नये. चालू प्रकल्पाचे वेळापत्रक, खर्चाचा अंदाज आणि जोखमींची यादी समोर ठेवून नेमकी अडचण विचारावी. थेट वरिष्ठ मात्र शक्यतो निवडू नये, कारण जो आपले मूल्यमापन करतो त्याच्यापुढे चूक मोकळेपणाने सांगणे कठीण जाते.