पाणी कुठे मुरते, ते आधी शोधा

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तीस वर्षांच्या जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. जुलै लागला की पश्चिमेकडच्या भिंतीला दरवर्षी ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसू लागतात. माझ्या सात वर्षांच्या मुलाला त्याच दिवसांत पहाटे खोकल्याची उबळ येते. गणपतीनंतर खोकला आपोआप कमी होतो. सासूबाईंना मधुमेह आहे आणि २०२१ साली ‘काळ्या बुरशी’विषयी जे ऐकले, त्याची त्यांच्या मनात धास्ती बसली आहे. एक खासगी प्रयोगशाळा घरातील हवेची बुरशी-तपासणी साडेसहा हजार रुपयांत करून द्यायला तयार आहे. ती करून घ्यावी का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंची धास्ती आधी दूर करू या. २०२१ सालचा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो वेगळ्या गटातील बुरशींमुळे होतो आणि त्या बुरशींचे बीजाणू माती, कुजलेला पालापाचोळा, शिळा पाव अशा सर्वत्र असतात. त्या आजाराला ‘काळी’ हे विशेषण बुरशीच्या रंगामुळे नव्हे, तर मृत झालेल्या ऊती काळ्या पडतात म्हणून मिळाले. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा अतिरेक यांमुळे कोविडच्या त्या लाटेत त्याने इतक्या लोकांना गाठले. आपल्या भिंतीवरचे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. तरीही सासूबाईंनी साखर आटोक्यात ठेवावी आणि भिंत घासण्याचे काम मात्र त्यांच्याकडे मुळीच देऊ नये.

आता हवेच्या तपासणीविषयी. माझे स्पष्ट मत आहे की हे पैसे खर्च करू नयेत. बुरशीचे बीजाणू जगातील प्रत्येक घराच्या हवेत असतात, पावसाळ्यात बाहेरच्या हवेत तर ते मुबलक असतात, आणि खिडकी उघडली, पंखा लावला किंवा गादी झटकली की त्यांची संख्या बदलते; त्यामुळे काही मिनिटांच्या नमुन्यातून त्या काही मिनिटांपलीकडचे फारसे कळत नाही. शिवाय आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा आरोग्यासाठी सुरक्षित अशी बीजाणूंची मर्यादा ठरवणे शक्य नसल्याचे सांगून तिने सगळा भर ओल रोखण्यावर दिला. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हीदेखील अशा सरसकट तपासणीची शिफारस करत नाही. बुरशी डोळ्यांना दिसते आहे आणि खोलीत कुबट वास येतो आहे, एवढा पुरावा ती काढून टाकण्यासाठी पुरेसा आहे, मग तिचा रंग काळा असो, हिरवा असो की पांढरा.

याचा अर्थ ही ओल निरुपद्रवी आहे, असा मात्र कृपया घेऊ नका. नाक वाहणे, घसा खवखवणे, खोकला, छातीत घरघर आणि असलेला दमा बळावणे यांचा ओलसर घराशी असलेला संबंध अनेक अभ्यासांतून दिसला आहे. २००७ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले असता, ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी सुमारे ३० ते ५० टक्क्यांनी अधिक आढळल्या. याउलट स्मृतिभ्रंशापासून सततच्या थकव्यापर्यंत सगळ्याचे खापर घरातील बुरशीवर फोडणारे जे दावे फिरतात, त्यांना तसा भक्कम आधार नाही.

आपल्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली, ती गणपतीनंतर खोकला कमी होतो ही नोंद. पावसाळ्यात विषाणूंचे संसर्ग वाढतात आणि ओलसर गाद्यांत धुळीतील सूक्ष्म किडेही वाढतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. पण मुलगा आजोळी चार-सहा दिवस राहिला तर खोकला थांबतो का आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतो का, हे तारखांसह वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. या वयाची बहुतेक मुले फुंकर मारून करायची फुफ्फुसांची चाचणी नीट देऊ शकतात. गरज वाटल्यास डॉक्टर त्वचेवरील किंवा रक्तातील ॲलर्जीची चाचणीही सुचवतील. त्या साडेसहा हजारांपैकी काही रक्कम इथे खर्च झाली, तर ती सत्कारणी लागेल.

बाकीची रक्कम पाणी कुठे मुरते ते शोधण्यासाठी ठेवा. प्रथम कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. भिंतीवर पांढरी पूड दिसली, तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका; ती विरघळली तर तो लोणा आहे, म्हणजे मुरलेल्या पाण्याने बाहेर आणलेला क्षार. त्यानंतर सुटलेले पोपडे खरवडून, भिंत पुसून, दीड फुटी चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस तसाच राहू द्या. थेंब कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर दोष खोलीतल्या हवेचा आहे आणि घरात वाळत घातलेले कपडे हे त्याचे नेहमीचे कारण असते. आपल्या वर्णनावरून मला गच्ची किंवा बाहेरची भिंत यांचाच संशय येतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, म्हणून सोसायटीला छायाचित्रांसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वॉटरप्रूफिंगचे काम दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावरच करावे. त्याआधी वरून रंग मारला, तर पुढच्या जुलैत तोही सुटेल.

तोवर ठिपके साबणाच्या पाण्याने, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून पुसावेत आणि भिंत लगेच कोरडी करावी. त्या वेळी मुलाला घरात ठेवू नये. ब्लीच आणि बाथरूमचे ॲसिड एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू तयार होतो.

प्रश्न : गेल्या दोन उन्हाळ्यांपासून कूलर सुरू केला की मला कोरडा खोकला येतो आणि जिना चढताना धाप लागते. वय ५२. हीदेखील ॲलर्जी असेल का? — एक वाचक, अकोला

उत्तर : असू शकते, परंतु साध्या सर्दी-शिंकांची नव्हे. बुरशी आणि जिवाणूंचे सूक्ष्म कण वारंवार श्वासावाटे खोल गेल्याने काही जणांच्या फुफ्फुसांना सूज येते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असे तिचे नाव आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय नोंदणी अभ्यासात फुफ्फुसांच्या अशा दीर्घ आजारांच्या १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांचे निदान हेच होते, आणि त्यांतील जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. संपर्क चालू राहिला तर फुफ्फुसांत कायमचे व्रण पडतात, म्हणून कूलर आजच बंद करा आणि छातीच्या तज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. एचआरसीटी (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) आणि फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी बहुधा लागेल. कूलरच्या ताट्या शेवटच्या कधी बदलल्या, टाकीत पाणी किती दिवस साचलेले असते आणि घरात कबुतरांचा वावर आहे का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण आवर्जून सांगा.