ख्रिस्ती लोक चर्चमध्ये टाळ-मृदंग घेऊन भजन-कीर्तन का करतात? ही हिंदूंची नक्कल नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नगरकडे मित्राच्या लग्नाला गेला होतात, चर्चमध्ये लोक पेटी, टाळ, मृदंग घेऊन अभंगाच्या चालीवर येशूची पदं म्हणत होते, आणि ही नक्कल आहे की भोळ्या लोकांना गोंधळात पाडायची युक्ती असा तुम्हाला प्रश्न पडला. पहिली गोष्ट, नक्कल कुणाची? ज्यांच्या खापरपणजोबांनी पिढ्यानपिढ्या गावाच्या लग्नात सनई-हलगी वाजवली त्यांनी आता स्वतःचीच नक्कल केली म्हणायचं का? मराठी चाल, मराठी छंद, मराठी वाद्य हे सगळं एका धर्माच्या नावावर सातबाऱ्याला चढलंय असं कधी ठरलं ते मला तरी कुणी कळवलं नाही.

आमचं घराणं मांगवाड्यातलं. पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झाले. पोटासाठी बाटले असं गाव म्हणायचं, म्हणू दे, उपाशी माणसाला जेवायला घातलं हा काही गुन्हा नाही. मुद्दा वेगळाच आहे. हा माणूस देवळासमोर सनई वाजवायचा पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नाही. ख्रिस्ती झाल्यावर तीच सनई घेऊन तो उपासनेला पहिल्या रांगेत बसायला लागला. आता तुम्ही सांगा, त्यानं ती सनई बाहेर ठेवून यायला पाहिजे होती का?

आणि हे सगळं काही काल-परवा सुरू झालेलं नाही. नगरच्या मिशनमधले कृष्णराव सांगळे १९व्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं करत होते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन आले ते तुकोबांना सोबत घेऊनच आले, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, आणि त्यांची पदं आजही आमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात आहेत, पोरांना अर्धी पाठ असतात. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण १६१६ सालचं, सगळं ओव्यांत. बाहेरच्यांना दाखवायला म्हणून एवढ्या ओव्या कोण लिहितो? ते बाप्तिस्मा झालेल्या लोकांना वाचून दाखवायला लिहिलं होतं.

पण खरं सांगू का, तुमच्या प्रश्नाचा मला तेवढा राग आला नाही. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला कुतूहल असणारच. हाच प्रश्न मला माझ्या सख्ख्या दाजींनी विचारला होता, तोही बाबांची माती व्हायच्या आदल्या रात्री.

बाबा प्राथमिक शिक्षक, पण त्यांची खरी ओळख म्हणजे मृदंग. आसपासच्या कुठल्याही गावात मंडळीचा (चर्चच्या लोकांचा) कार्यक्रम असला की बाबांना निरोप यायचा. ते गेले त्या रात्री नातेवाईक लांबून येणार म्हणून माती सकाळी ठरली, आणि रात्रभर भजन करायचं हे कुणी ठरवायची गरजच नव्हती, आमच्यात तसंच होतं. मंडळीतले म्हातारे टाळ घेऊन आले. पेटी आली. बाबांचा मृदंग चुलतभावानं काढला, धुमाला (डाव्या तोंडाला) लावायला कणीक पाहिजे तर आमच्या घरात पीठ मळायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं, शेवटी शेजारच्या मराठ्यांच्या काकूंनी वाटीत कणीक भिजवून आणून दिली. चुलतभाऊ गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, पेटीच्या स्वराला मिळवत बसला होता, एवढ्यात दाजी पुण्याहून आले, सोबत त्यांच्या फेलोशिपचे, म्हणजे नव्या स्वतंत्र प्रार्थनामंडळाचे, पास्टर.

दाजी लग्न झालं तेव्हा आमच्यासारखेच सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). नंतर पिंपरीकडे एका हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जायला लागले, तिथं कीबोर्ड वाजवतात. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण पास्टरनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही मूर्तिपूजकांची वाद्यं आहेत, प्रेतापाशी ही वाजवणं म्हणजे जुन्या बंधनाला दार उघडणं, आणि बायबलमधलं २ करिंथ ५:१७ काढलं, जुने ते होऊन गेले. दाजींनी मान डोलावली आणि मोबाईलला ब्लूटूथ स्पीकर लावून हिंदी वर्शिप साँग सुरू केलं. म्हातारी माणसं टाळ मांडीवर ठेवून गप्प बसली. ताई रडत होती, आई काहीच बोलण्याच्या स्थितीत नव्हती. मी त्या स्पीकरची वायर काढली (चार्जिंगला होता, तरी चालूच राहिला, मग बटण दाबलं) आणि चुलतभावाला म्हणालो वाजव. पहाटेपर्यंत भजन झालं. दाजी आणि पास्टर बाहेर गाडीत बसून होते.

त्यानंतर प्रत्येक नाताळाला हा वाद होतो, म्हणून आता इथं एकदाच लिहून टाकतो. वाद्याला धर्म असतो का? असेल तर ऑर्गन काढा चर्चमधून, तो रोमन आखाड्यात ग्लॅडिएटरांच्या झुंजीला वाजायचा. ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटार कुठल्या पवित्र स्थळातून आले ते तर विचारूच नका. पेटी युरोपातली, ती आज वारकऱ्यांच्या भजन-कीर्तनातही असते, त्यांनी नाही कधी म्हटलं की ही साहेबाची वस्तू, बाटू आपण. (आकाशवाणीनं मात्र १९४० ला पेटीवर बंदी घातली होती, मींड-श्रुती नीट निघत नाहीत आणि वर परदेशी म्हणून. येडेपणा सगळीकडे असतो.) स्तोत्र १५० मध्ये डफ आणि झांजा स्पष्ट लिहिलेत, कीबोर्ड नाही लिहिलेला.

आणि बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १५ वाचा की जरा. यरुशलेमच्या सभेत भांडण हेच होतं, परराष्ट्रीयांनी (यहुदी नसलेल्यांनी) ख्रिस्ती व्हायला आधी यहुदी व्हायचं का, सुंता करायची का. ठरलं काय? नाही. मग मराठी माणसानं ख्रिस्ती व्हायला आधी अमेरिकन कशाला व्हायचं? फेलोशिपवाल्यांनो, ज्या पन्नासाव्या दिवसाचं (पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) नाव तुम्ही एवढं घेता त्या दिवशी सुद्धा प्रत्येकानं आपापल्याच भाषेत ऐकलं होतं.

आता तुमच्या 'युक्ती'वाल्या भागाबद्दल. काही प्रचारक गावोगाव अशा पद्धतीनं कार्यक्रम करतात की सुरुवातीला कळूच नये कशाचं आहे, हे होतं, आणि मला ते आवडत नाही. कीर्तन करायचं तर बोर्डावर येशूचं नाव लिहून करा. पण तुम्ही जे पाहिलं ते चर्चमधलं लग्न होतं, तिथं कुणाला फसवणार, नवऱ्याच्या मामाला?

आणि हो, हे सगळं मी नगर-नेवासा-श्रीरामपूर पट्ट्यातल्या प्रोटेस्टंट लोकांचं सांगतोय. वसईच्या कॅथलिकांचं वेगळं, तिकडं लग्नात बँड पाहिजेच. गोव्यात घुमट (मातीच्या घड्याचं वाद्य) आहे, पण तिथल्याच इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, १७३६ ला लग्नातल्या ओव्या आणि गावातली वाद्यं बंद करायचं फर्मान काढलं होतं, म्हणजे आमच्या दाजींचे पूर्वज तिकडंही होते. सगळ्याच नव्या फेलोशिप अशा नसतात हेही मान्य, पुण्यातल्या एकीत मी ढोलकी ऐकली आहे, चांगली वाजवत होता पोरगा.

राहता राहिलं एक. मातीनंतर बाबांचा मृदंग ताई आठवण म्हणून घेऊन गेली, आणि आता तो दाजींच्या घरी माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलाय, कारण घरात दिसला तर फेलोशिपचे लोक काय म्हणतील. दाजी, तुम्ही या साईटवर असता हे मला माहितीय. पुडी सुकून तडकायच्या आत तो मला द्या, श्रीरामपूरला एक पोरगा शिकायला तयार आहे. इथं कमेंट करू नका, फोन करा.