वाचक विचारतात: ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला किती अक्षरं?

प्रश्न (भोसरी): आमच्याकडे जुन्या फॅनुक कंट्रोलची व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आहे. मोल्डचे प्रोग्राम मेमरीत मावत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवरून आरएस-२३२ (सिरियल) केबलने ड्रिप फीड करतो, म्हणजे मशीन चालू असताना प्रोग्राम थोडा थोडा पाठवतो. सेटिंग ९६०० बॉड (इथे सेकंदाला तेवढे बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), २ स्टॉप बिट. फीड (कटर सरकण्याचा वेग) मिनिटाला १००० मिमी दिलाय, पण फिनिशिंगला मशीन आचके देत चालतं आणि जॉबवर डाग उठतात. ९६०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२०० अक्षरं. ती पुरायला हवीत ना?

उत्तर: भागायचं ११ ने. तुमच्या सेटिंगमध्ये एका अक्षरामागे १ स्टार्ट, ७ डेटा, १ पॅरिटी आणि २ स्टॉप असे ११ बिट तारेवरून जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८७२ अक्षरं.

आता प्रोग्राममधली एक ओळ घ्या: एक्स १२.३४५, वाय -६.७८९, झेड -१.२३४. दशांशचिन्हं आणि वजाची चिन्हं धरून ही २१ अक्षरं, ओळ संपल्याची २ धरली की २३. सेकंदाला ८७२ अक्षरं म्हणजे सुमारे ३८ ओळी. कॅमने (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वळणाचे ०.१ मिमीचे सरळ तुकडे पाडले असतील, दर तुकड्याला एक ओळ, तर मशीन सेकंदाला ३.८ मिमी, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त २२७ मिमी चालू शकतं. तुम्ही मागताय १०००. कंट्रोलचा बफर (आलेल्या ओळींचा तात्पुरता साठा) रिकामा झाला की अक्ष पुढच्या ओळीची वाट बघत थांबतात, कटर तेवढा वेळ त्याच जागी घासत राहतो आणि तिथे डाग पडतो. स्पिंडल आणि बेअरिंग तपासत बसण्याआधी हा हिशोब करा.

खरोखर १००० फीड हवा असेल तर सेकंदाला १६७ ओळी लागतील, म्हणजे सुमारे ४२,००० बॉड. अनेक जुने कंट्रोल १९,२०० च्या वर जात नाहीत. तिथपर्यंत न्या आणि बाकीची कसर प्रोग्राममध्ये भरून काढा. ओळक्रमांक आणि मोकळ्या जागा पोस्ट प्रोसेसरमधून (कॅमचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये लिहिणाऱ्या भागातून) काढून टाका. झेड बदलत नसेल त्या ओळीत तो लिहूच नका. सगळ्यात मोठा फायदा टॉलरन्समध्ये (वळणाऐवजी सरळ तुकडे घेताना चालणाऱ्या फरकात) आहे: तुकडा ०.१ ऐवजी ०.२५ मिमीचा चालत असेल, तर १९,२०० ला ११३८ मिमीपर्यंत फीड मिळतो. अर्थात हे सपाट वळणांवर; बारीक कोपऱ्यात तुकडे लहानच राहणार. स्टॉप बिट दोनाऐवजी एक केला तर दहा टक्के वेग वाढतो, पण एवढ्यावर भागणार नाही.

वेग वाढवला की केबलकडेही बघा. १५ मीटरच्या वर नको, शील्डची हवी आणि ड्राइव्हच्या तारांबरोबर एकाच डक्टमधून नेलेली नको. बॉड किंवा पॅरिटी दोन्हीकडे जुळली नाही तर ८५ नंबरचा अलार्म येतो.

प्रश्न (कोल्हापूर): जुन्या पीसीवर ड्रिप फीड नीट चालायचं. नवीन लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावल्यापासून मधूनच ८७ अलार्म येतो. बॉड कमी करून पाहिला, तरी तेच.

उत्तर: ८७ म्हणजे बफर ओव्हरफ्लो. कंट्रोलचा बफर भरत आला की तो डीसी३ पाठवतो, म्हणजे 'थांबा'. त्यानंतर तो फक्त १० अक्षरं सहन करतो. सिरियल पोर्टच्या १६५५० चिपमध्ये मात्र १६ अक्षरांचा फिफो (रांगेने बाहेर पडणारा छोटा साठा) असतो आणि त्यात एकदा भरलेली अक्षरं बाहेर पडतातच, बॉड कितीही कमी असो. यूएसबी कन्व्हर्टरचा स्वतःचा बफर त्याहून मोठा असतो.

साध्या पोर्टला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये ट्रान्समिट बफर १ वर आणा. कन्व्हर्टरच वापरायचा तर डीसी३ चिपमध्येच ओळखून थांबणारा घ्या. एफटीडीआयच्या एफटी२३२आर चिपमध्ये ही सोय आहे, फक्त डीएनसी (प्रोग्राम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे या 'चालू-थांबा' खुणांचं पालन, चालू ठेवा. बाजारातला स्वस्तातला कन्व्हर्टर या कामाला घेऊ नये. केबल तीन तारांची असेल तर मशीनकडच्या २५ पिनी कनेक्टरवर ४-५ आणि ६-८-२० या पिना आपसात जोडलेल्या आहेत ना, तेही पाहा. ६-८-२० ची जोडणी सुटली तर ८६ अलार्म येतो.

प्रश्न (नाशिक): सेकंदाला २४०० बिटच्या मोडेमला एका पुस्तकात ६०० बॉड म्हटलंय. चूक आहे का?

उत्तर: नाही. व्ही.२२बिस मोडेम फोनच्या तारेवर सेकंदाला ६०० वेळा सिग्नल बदलतो आणि प्रत्येक बदलात ४ बिट पाठवतो. व्ही.३२बिसमध्ये २४०० बदल, प्रत्येकी ६ बिट, म्हणून १४,४००. पीसी आणि मोडेममधल्या केबलवर मात्र एका बदलात एकच बिट, तिथे बॉड आणि बिट सारखेच. १४,४०० चा मोडेम व्ही.४२बिसने चौपटीपर्यंत डेटा दाबू शकतो, म्हणून ही केबल ५७,६०० वर ठेवायची.

प्रश्न (सोलापूर): १.४४ एमबीची पूर्ण फ्लॉपी सिरियल केबलने पाठवायला किती वेळ?

उत्तर: फ्लॉपीतला 'एमबी' विचित्र आहे: १४४० गुणिले १०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. ८ डेटा, पॅरिटी नाही, १ स्टॉप असेल तर ९६०० ला सेकंदाला ९६० बाइट जातात आणि २५ मिनिटं ३६ सेकंद लागतात. १,१५,२०० ला १२८ सेकंद. एक्समोडेम (फाइल तुकड्यातुकड्यांनी तपासत पाठवायची पद्धत) वापरला तर दर १२८ बाइटमागे ४ जादा बाइट आणि परत येणारी एक पोच; ९६०० ला साधारण एक मिनिट वाढवा.