वाचकांचे प्रश्न : रस्ता उखडण्याआधी रहिवाशांना काय विचारायचं?

प्रश्न : आमचा रस्ता नव्याने होणार आहे. बैठक बोलावली, नकाशा लावला आणि दोन तास फक्त पार्किंगवरून भांडण झालं. पुढची बैठक कशी घ्यावी?

तयार नकाशा भिंतीवर लावून ‘चालेल का?’ विचारलं की भांडण होणारच. लोकांच्या हाती हो किंवा नाही एवढंच उरतं. म्हणून नकाशा गुंडाळून ठेवा आणि आधी एक फेरी फक्त अडचणींची घ्या : पाणी कुठे साचतं, रात्री कुठे अंधार असतो, म्हातारी माणसं फुटपाथवरून कुठे खाली उतरतात. ही फेरी सभागृहात नको, रस्त्यावर चालत घ्या. एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर, आणि जमलं तर भर पावसात.

पार्किंगचा वाद आकड्यांशिवाय मिटत नाही. पहाटे, दुपारी आणि रात्री उभ्या गाड्या मोजा. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा. नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिले की पहाटे असलेल्या, म्हणजे बहुधा रहिवाशांच्या, गाड्या कोणत्या आणि नुसत्या दिवसा येणाऱ्या कोणत्या, हे वेगळं काढता येतं. महिनोन्‌महिने न हललेल्या गाड्याही याच यादीत सापडतात.

मग बैठकीत कागदाच्या पट्ट्या द्या. एका टेबलाला सहा ते आठ माणसं, प्रमाण 1:50. रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत 9 मीटर असेल तर टेबलावर 18 सेंटिमीटर. फुटपाथची पट्टी 3.6 सेंटिमीटर (1.8 मीटर, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील इतकी), पार्किंगची 4, एकेरी वाहतुकीची 6.8, दुहेरीची 11. दोन फुटपाथ आणि दुहेरी वाहतूक मांडली की 18.2 होतात. पार्किंग आलंच नाही आणि पट्टी बाहेर! दोन फुटपाथ, एका बाजूला पार्किंग आणि एकेरी वाहतूक मात्र बरोबर 18 मध्ये बसते. ‘दोन्हीकडे गाड्या लावू द्या’ म्हणणारे स्वतःच्या हाताने पट्ट्या सरकवतात आणि नेमकं काय सोडायचं ते आपसात ठरवू लागतात. कोणी फुटपाथ कापायला निघालं तर एवढं सांगा की 1.8 मीटर ही मोकळी रुंदी आहे. विजेचा खांब किंवा झाड आलं की ती तिथेच संपते. अग्निशमन बंबाला किती वाट लागते ते त्या दलाकडून आधीच लेखी घ्या. ती पट्टी कापायची नाही.

जुळलेली मांडणी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर फक्कीने खऱ्या मापात आखा. टेबलावर छान दिसलेलं वळण इथे कचऱ्याच्या गाडीला घेता येत नाही, हे लगेच कळतं. नंतर शंकू ठेवून दोन-तीन आठवडे तशीच वाहतूक चालवून पाहा. पहिल्या तीन-चार दिवसांच्या तक्रारी लिहून घ्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. सवय मोडल्याचा राग त्यात जास्त असतो.

प्रश्न : बैठकीला तीच ती दहा-पंधरा माणसं येतात.

मग बैठकीची वाट पाहू नका. भाडेकरू, रात्रपाळीवाले, दुकानांतले कामगार, शाळकरी मुलं यांना ते असतात तिथे गाठा. फाटकाशी, शाळा सुटताना. विचारायला तीन प्रश्न पुरतात. दृष्टिहीन व्यक्तीसोबत एकदा रस्ता चालून पाहणं तर हवंच. कोणत्या इमारतीतून किती उत्तरं आली हेही नोंदवा, म्हणजे कोण राहिलं ते दिसतं.

प्रश्न : दर वेळी रस्ता वर येतो आणि पावसाचं पाणी आमच्या तळमजल्यात. हे कोणाला विचारायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. जुना थर न खरवडता त्यावर 5 सेंटिमीटर डांबर टाकलं आणि असं तीनदा झालं, तर रस्ता 15 सेंटिमीटर वर आला. आराखड्यात प्रत्येक फाटकापाशी तयार रस्त्याची पातळी आणि तुमच्या जोत्याची पातळी, दोन्ही आकडे मागा. ठरलेली पातळी कुंपणाच्या भिंतीवर रंगाने रेघ मारून घ्या. काम चालू असताना कोणालाही तपासता येते. उताराचाही हिशेब करा : 2.5 टक्के उतार असेल तर मध्यापासून कडेपर्यंतच्या 2.7 मीटरमध्ये सुमारे 7 सेंटिमीटर फरक पडतो. त्या कडेला गटाराची जाळी नसेल तर पाणी तुमच्याकडेच येणार.

याच टप्प्यावर जमिनीखालचंही काढा. जुन्या नळजोडण्या, मलवाहिन्या आधी बदलायच्या आणि रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायचे. नाहीतर नवा रस्ता केबलसाठी पुन्हा फोडला जातो.

प्रश्न : ऐकून सगळं घेतात, करतात मनाचंच. मग उपयोग काय?

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक. त्यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत नुसतं मत विचारणं खालून चौथ्या पायरीवर आहे. तेव्हा पहिल्याच बैठकीत लेखी मागा : यात बदलता येण्यासारखं काय आणि ठरून गेलेलं काय? निधी आणि मुदत ठरलेली असेल तर तसं सांगू दे. ‘सगळं तुमच्या मनासारखं’ हे आश्वासन सर्वांत महागात पडतं.

बैठकीनंतर दोन आठवड्यांत तीन रकान्यांचा तक्ता प्रत्येक फाटकावर लागला पाहिजे : सूचना, निर्णय, कारण. फेटाळलेल्या सूचनाही त्यात हव्यात. काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदारासह वेगळी बैठक घ्या. कोणता तुकडा कधी खोदणार, कोणाची गाडी किती दिवस अडकणार, रुग्णवाहिका कुठून येणार आणि रात्री फोन कोण उचलणार, हे तिथे ठरवा.