वायरलेस घेऊ की मशीन लर्निंग?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवण्याच्या कामात जायची इच्छा आहे. पण ६जीमध्ये सगळं एआयच करणार, असं वर्गात सगळे म्हणतात. पुढच्या सत्रात वायरलेस कम्युनिकेशन आणि मशीन लर्निंग यांपैकी एकच विषय घेता येईल. कोणता घेऊ?

उत्तर: वायरलेस घे. मशीन लर्निंग तुला लागणारच आहे, पण ते घरी बसून शिकता येतं. फेडिंग (वाटेत सिग्नल कमीजास्त होणं), चॅनल एस्टिमेशन (सिग्नल वाटेत कसा बदलला याचा अंदाज), मायमो (एकाच वेळी अनेक अँटेना वापरणं) हे विषय समोर शिकवणारं कुणी असेल तरच नीट पचतात.

वर्गातली चर्चा अगदीच हवेतली नाही. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने २०२३ मध्ये ६जीची जी चौकट ठरवली, तिच्या सहा वापरांपैकी एक 'एआय आणि संदेशवहन एकत्र' हा आहे. मोबाइलची मानकं लिहिणाऱ्या थ्रीजीपीपीने तर रिलीज १८ या मानकांच्या आवृत्तीतच फोन आणि टॉवर यांच्यामधल्या रेडिओ दुव्यावर एआयचा अभ्यास केला. त्यासाठी तीन कामं निवडली होती: चॅनलच्या माहितीचा अहवाल, बीमची (टॉवरच्या एका दिशेने रोखलेल्या सिग्नलची) निवड आणि फोनचं स्थान शोधणं.

यातलं पहिलं काम नीट समजून घे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. टॉवरकडून येणारा सिग्नल वाटेत कसा बदलला, हे फोन मोजतो आणि टॉवरला कळवतो. अँटेना वाढल्या की हा अहवाल फुगतो आणि फोनचा मोलाचा अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारा मार्ग, खातो. आजवर यासाठी कोडबुक होतं. दोघांकडे एकच तक्ता असायचा, फोन त्यातले क्रमांक पाठवायचा. आता कल्पना अशी, की फोनमधलं न्यूरल नेटवर्क अहवाल आवळेल आणि टॉवरमधलं तो उलगडेल. पण फोनची चिप एका कंपनीची, टॉवर दुसऱ्याच कंपनीचा. दोन्ही अर्ध्या भागांची जोडी जुळवायची कशी? आपलं मॉडेल दुसऱ्याच्या हाती द्यायला कोणीच तयार नसतं. बीम आणि स्थान यांचं प्रत्यक्ष मानक लिहिण्याचं काम रिलीज १९ मध्ये सुरू झालं, या दोन टोकांच्या मॉडेलचा मात्र अभ्यासच पुढे चालू ठेवावा लागला.

म्हणजे मानकात बहुतेक वेळा मॉडेल लिहिलेलं नसतंच. मॉडेलला कोणती माहिती मिळेल, ते चालू-बंद कोण करेल, ते चुकतंय हे कसं ओळखायचं आणि चुकलं तर जुन्या पद्धतीवर परत कसं यायचं, हे मानकात लिहिलेलं असतं. मला स्वतःला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. तो लिहायला चॅनल आतून कळावा लागतो.

आता करायचं काय? थ्रीजीपीपीचे अहवाल मोफत मिळतात. वर सांगितलेल्या एआयच्या अभ्यासाचा अहवाल, टीआर ३८.८४३, उतरवून घे. पहिल्यांदा निम्मं कळणार नाही, घाबरू नकोस. मग सिओना ही वायरलेस सिम्युलेशनची मुक्त लायब्ररी घेऊन चॅनलचा अहवाल आवळणारं छोटं मॉडेल बनव. त्याची तुलना रिलीज १६ च्या कोडबुकशी कर, कारण समितीत पहिला प्रश्न हाच येतो: जुन्यापेक्षा किती सरस? त्यानंतर ज्या चॅनलवर मॉडेल शिकवलं नाही, अशा चॅनलवर ते चालवून बघ. निकाल बहुधा घसरेल. तो का घसरला, यावर दोन पानं लिही.

एक गोष्ट आधीच सांगते. मानकांच्या बैठकांना कंपन्या सहसा नवख्यांना पाठवत नाहीत. सुरुवात सिम्युलेशन, अल्गोरिदम किंवा प्रोटोकॉल टेस्टिंगमधून होते आणि एमटेकचा चांगला उपयोग होतो. तिथले निर्णय सहमतीने होतात, त्यामुळे मुद्दा स्वच्छ लिहिता येणं हे कोडिंगइतकंच लागतं. म्हणून ती दोन पानं टाळू नकोस. लिहून झाली की मला पाठव, मी वाचेन.