जुन्या रेसिंग गाड्यांना एवढी किंमत का, जेव्हा इलेक्ट्रिक गाड्या त्यांना सहज मागे टाकतात?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. बॅटरीवरच्या आणि हायब्रिड गाड्या एवढ्या पुढे गेल्या असताना साठ वर्षांच्या फेरारी २५० जीटीओसाठी शेकडो कोटी मोजणं हा श्रीमंतांचा खुळेपणा नाही का? आणि मुंबईत राहून यातलं काय बघायला मिळेल?

वेगाचा भाग आधी मिटवून टाकू, कारण तिथे वादच नाही. पिनिनफरिना बॅटिस्टा ही इलेक्ट्रिक गाडी घ्या. नाव इटालियन, पण मालकी महिंद्रांची, म्हणजे वरळीत मुख्यालय असलेल्या आपल्याच समूहाची. १९०० हॉर्सपॉवर, आणि शून्य ते शंभर दोन सेकंदांच्या आत. २०२२ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर तिने पाव मैल ८.५५ सेकंदांत कापला. जीटीओचं तीन लिटरचं व्ही-१२ (म्हणजे बारा सिलिंडरचं) इंजिन साधारण ३०० हॉर्सपॉवरचं. दोघींना शेजारी उभं केलंत तर फेरारी दुसऱ्या गिअरमध्ये जाईपर्यंत बॅटिस्टा दिसेनाशी झालेली असेल. बरं, इलेक्ट्रिक म्हणजे आजकालचं फॅड असंही नाही. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिकच होती. १८९९ साली कामीय जेनात्सी हा बेल्जियन गृहस्थ टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत जवळजवळ उघड्यावर बसून १०५ च्या वर गेला होता.

म्हणजे लोक पैसे वेगाचे मोजत नाहीत. मग कशाचे?

जीटीओ बनल्या अवघ्या ३६, १९६२ ते १९६४ दरम्यान. शर्यतीच्या नियमाप्रमाणे शंभर बनवायला हव्या होत्या. ही जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असं सांगून फेरारीने ती अट टाळली. त्यामुळे आज प्रत्येक गाडी चासी नंबरने ओळखली जाते: कुठल्या शर्यतीत उतरली, कोणी चालवली, कुठे ठोकली, इंजिन मूळचंच आहे की बदललेलं. शौकिनांच्या गप्पांत 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे चासी आणि इंजिन मूळ जोडीतलेच) हा शब्द दर पाच मिनिटांनी येतो तो यासाठी. २०१८ मध्ये एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले, तेव्हाच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपये. त्यातला पत्र्याचा आणि इंजिनाचा वाटा किती? फार तर चिल्लर. बाकीचे सगळे पैसे त्या इतिहासाच्या कागदपत्रांचे.

मर्सिडीज ३०० एसएलआर या रेसिंग गाडीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९५५ च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसने ही गाडी ब्रेशिया ते रोम आणि परत अशी सुमारे १६०० किलोमीटर पळवली, १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत. सरासरी ताशी १५७. ट्रॅकवर नाही हो, गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर! अंतर म्हणाल तर मुंबईहून दिल्ली गाठून आणखी पुढे. शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेनकिन्सन कागदाची गुंडाळी उलगडत हाताच्या खुणांनी पुढची वळणं सांगत होता, कारण त्या आवाजात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं. (आपल्याकडे मुंबई-गोवा रस्त्यासाठी अशी गुंडाळी करायची तर वळणांपेक्षा खड्डेच जास्त लिहावे लागतील.) याच गाडीच्या दोन बंद कूपे बनवल्या होत्या, उलेनहाऊट कूपे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मां या २४ तासांच्या शर्यतीत भीषण अपघात झाला, वर्ष संपताना मर्सिडीजने शर्यती सोडल्या आणि त्या कूपे कधी शर्यतीत उतरल्याच नाहीत. रुडोल्फ उलेनहाऊट हे अभियंते त्यातली एक कंपनीची गाडी म्हणून वापरायचे. मे २०२२ मध्ये दोघींपैकी एक १३.५ कोटी युरोंना विकली गेली, म्हणजे अकराशे कोटींच्या आसपास. लिलावात इतकी रक्कम तोवर कुठल्याच मोटारीला मिळाली नव्हती. स्वतः एकही शर्यत न धावता! घराण्याच्या नावावर लग्न जमावं तसं झालं ते.

आता दुसरी बाजू. रिमॅक नेव्हेरा या क्रोएशियन इलेक्ट्रिक गाडीने २०२३ मध्ये एका दिवसात २३ विक्रम केले. तरी खुद्द कंपनीचे संस्थापक मेट रिमॅक यांनी पुढच्याच वर्षी कबूल केलं की अतिश्रीमंत गिऱ्हाईक इलेक्ट्रिक हायपरकारसाठी फारसं उत्सुक नाही. त्यांच्याच हाताखाली बुगाटीने टूरबियाँ आणली, तीत ८.३ लिटरचं व्ही-१६ इंजिन आणि मदतीला तीन इलेक्ट्रिक मोटर्स. कारण उघड आहे. बॅटरीवरच्या गाडीचा विक्रम टिकत नाही. २०२५ मध्ये चीनच्या यांगवांग यू-९ एक्स्ट्रीमने ताशी ४९६ किलोमीटर गाठले. उद्या दुसरी कुणी पाचशे गाठेल. जिची ओळख फक्त आकड्यात आहे, ती आकडा मोडला की जुनी होते.

माझं स्वतःचं मन हायब्रिड रेसर्सवर आहे, विशेषतः पोर्शे ९१९ वर. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, पुढच्या चाकांवर ब्रेकिंगमधून वीज, आणि वर एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारं वेगळं टर्बाइन, तेही वीज बनवणार. म्हणजे गाडी वेग घेतानाही बॅटरी भरतेय. २०१५ ते २०१७ सलग तीनदा ल मां जिंकली. मग नियमांच्या बेड्या काढून तिचीच 'इव्हो' बनवली आणि २०१८ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी ५ मिनिटं १९.५ सेकंदांत मारली. स्टेफान बेलॉफचा १९८३ चा ६ मिनिटं ११ सेकंदांचा विक्रम पस्तीस वर्षं तिथे बसून होता. पन्नास वर्षांनी लिलावात हिचा इतिहास वाचला जाईल, अशी माझी खात्री आहे.

पण ती तेव्हा चालू होईल का? इथे मला जुन्या गाड्यांचं पारडं खरोखर जड वाटतं. १९५५ च्या इंजिनाचा एखादा भाग मोडला तर नमुना समोर ठेवून चांगला लेथवाला तो नवा घडवून देतो. ऑपेरा हाउसच्या पार्ट्सच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात अशाच जुगाडावर मुंबईतल्या कित्येक गाड्या जिवंत राहिल्यात. लिथियम सेल मात्र नुसत्या ठेवल्या तरी म्हाताऱ्या होतात. कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर सहसा कंपनीखेरीज कोणाला उघडता येत नाही. २०१३ च्या आसपास आलेल्या पोर्शे ९१८, मॅक्लारेन पी-१ आणि ला फेरारी या त्रिकुटाच्या मूळ बॅटऱ्यांचं वय आता दहाच्या पुढे गेलंय. म्हणून असली हायब्रिड बघायला गेलात तर मायलेजआधी बॅटरी कधीची आहे ते विचारा.

राहिली मुंबई. आपल्याकडे रेस ट्रॅक नाही. एकेकाळी जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, आणि जेआरडी टाटांना तरुणपणी बुगाटीतून पुण्याला सुसाट जायचा नाद होता, हे आता ऐकायलाच उरलंय. कोस्टल रोडवर मर्यादा ८० ची, बोगद्यात ६० ची, आणि रात्री एक्झॉस्ट गर्जवणाऱ्यांबद्दल तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी अगदी रास्त आहेत.

फोर्ट भागात विंटेज गाड्यांची रॅली निघते, ती चुकवू नका. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेची वेगळी नंबरप्लेट मिळते, नोंदणी वीस हजार रुपये. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे रॅलीला सकाळी लवकर पोहोचा, झेंडा दाखवायच्या आधी. तेव्हा बॉनेट उघडी असतात, मालक कापड घेऊन बाजूला उभे असतात आणि विचारलेल्या प्रश्नाच्या दहापट सांगतात. मालक पारशी बावाजी असतील तर दुपारपर्यंतचा वेळ हाताशी ठेवूनच विचारा.