पुढच्या पिढीच्या गेम कन्सोलनी ८के टीव्हीसाठी खेळ तयार करावेत का?
नाही, निदान खेळाची गती आणि छायाप्रकाशाचा दर्जा पणाला लावून तरी मुळीच नाही. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे रंगीत ठिपके, असतात आणि ८के चित्रात ३ कोटी ३२ लाख, म्हणजे चौपट, आणि त्या प्रत्येक पिक्सेलचा रंग सेकंदाला ६० वेळा नव्याने काढण्याचा भार ग्राफिक्स चिपवर पडतो. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलवर अनेक खेळ आजही कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलांत, रचून मग ४केपर्यंत वाढवले जातात. शिवाय निरोगी डोळ्याला साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखता येतो. ५५ इंची ४के पडद्यावरचा पिक्सेल जेमतेम ०.३२ मिलिमीटरचा असल्यामुळे साडेतीन फुटांपलीकडून तो सुटा दिसतच नाही. आपल्या पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीवरच्या टीव्हीपासून सहज सात-आठ फुटांवर असतो. शोरूममध्ये हातभर अंतरावरून जाणवणारा फरक तिथून जाणवणार नाही, याची टीव्ही घेण्यापूर्वी फुटपट्टी लावून खात्री करावीच. चिपची तीच ताकद सेकंदाला स्थिर १२० फ्रेम (चित्रे) आणि अधिक अस्सल प्रतिबिंबांसाठी वापरली, तर खेळणाऱ्याला प्रत्येक वळणावर फरक कळेल. मात्र कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय २.१ जोडणीतून ८के चित्र पाठवण्याची सोय असण्यास हरकत नाही, कारण साधे ग्राफिक्स असलेले खेळ किंवा व्हिडिओ अतिमोठ्या पडद्यावर जवळून पाहणाऱ्यांना तिचा खरोखर उपयोग होतो.